आबांचं गाऱ्हाणं, काकींचं होय

चारकोपच्या त्या घराच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आबा देवाला दम देत होते. मला तरी तसंच वाटलं. नर्सिंग ब्यूरोच्या मॅडमनी एवढंच सांगितलं होतं की म्हाडाची बैठी घरं आहेत, रांगेतलं कोपऱ्याचं घर, पेशंट बाई अर्धांगवायूच्या, दिवसाची ड्यूटी, घरात फक्त नवरा आणि तोही म्हातारा. दार उघडंच होतं. आत देव्हाऱ्यासमोर एक उंच, खांद्यातून वाकलेले गृहस्थ बनियन-लेंग्यावर उभे होते. हात जोडलेले, पण आवाज असा, की समोरच्यानं काहीतरी कबूल करून पाळलेलं नाही. त्यांच्या मागे एक माणूस नव्या स्कूटरची चावी मुठीत धरून मान खाली घालून उभा.

"ह्या लेकरान आज नवीन गाडी घेतल्यान हा. ती बरी चलांदे. हेका, हेच्या पोराबाळांका सांभाळ. कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती परती कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," चावीवाला म्हणाला. आणि त्याच्याबरोबर आतल्या खोलीतून, जड जिभेनं पण अगदी वेळेवर, एका बाईचा आवाज आला, "होय म्हाराजा."

मी पिशवी हातातच धरून उभी होते. नवीन घरात पहिल्या दिवशी पिशवी कुठे ठेवायची हे मला अजूनही समजत नाही. खाली ठेवली तर बाई सैल आहे म्हणतात, हातात धरली तर पळायच्या तयारीत आहे म्हणतात.

आमच्याकडे, जिंतूरच्या बाजूला, हा प्रकार नसतो. ह्याला गाऱ्हाणं म्हणतात हे मला नंतर कळलं. कोकणातली माणसं देवापुढे नारळ ठेवून जे मागायचं ते मोठ्यानं, चारचौघांसमोर, आडपडदा न ठेवता मागतात. एकजण गाऱ्हाणं घालतो, बाकीचे प्रत्येक मागणीला होय म्हणतात. होय म्हटलं की ते मागणं एकट्याचं राहत नाही, तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांचं होतं. म्हणून घालणारा नीट लागतो. अडखळणारा, लाजणारा चालत नाही. आबा परब आयुष्यभर कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं, तो आवाज गिरणी गेल्यावरही त्यांच्याजवळ राहिला होता. सेक्टरमधल्या कोकणी घरात कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या पोरीचं लग्न ठरो, नारळ घेऊन माणूस आबांकडे यायचा.

चावीवाला गेल्यावर आबा माझ्याकडे वळले. नाव विचारलं नाही.

"गाव खंय तुझा?"

मी सांगितलं.

"लांब गो," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. तेव्हापासून मी त्या घरात जिंतूर झाले. त्यांना नावं लक्षात राहायची नाहीत, गावं राहायची. व्यायाम करून घ्यायला येणारा मुलगा उंब्रज होता, गॅसवाला आझमगड, स्वतःचा जावई कणकवली. सुनेला मात्र सातारा म्हणायची हिंमत त्यांनी केली नव्हती. तिला ते सूनबाय म्हणायचे.

मी घाबरत होते ते पुढच्या प्रश्नाला. गावानंतर आडनाव येतं. आडनावानंतर कधी कधी स्वयंपाकघराचं दार थोडं लोटलं जातं. कुणी काही बोलत नाही, फक्त माझ्यासाठी एक वेगळा कप निघतो. आबा चहा घेऊन आले ते त्यांच्याच कपासारख्या कपात. माझ्या गळ्यातल्या बाबासाहेबांच्या पदकाकडे त्यांनी एकदा बघितलं, "जयभीम" म्हणाले, जसं कुणी "साखर बघ" म्हणेल तसं, आणि कप हातात दिला. तो विषय त्या घरात तिथेच संपला. काकी, म्हणजे माझ्या पेशंट, बोलत्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला माहीत नाही. कधी कधी मी त्यांची पाठ पुसताना हा विचार करायचे. आणि मग वाटायचं, आता विचारून काय करायचं आहे.

काकींची उजवी बाजू गेली होती आणि त्याबरोबर बोलणंही गेलं होतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर कित्येक महिने त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मग एकदा शेजारची भिंतीपलीकडची राणेवहिनी मुलाच्या नोकरीसाठी नारळ घेऊन आली. आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं आणि पहिल्याच मागणीला आतून, पलंगावरून, होय म्हाराजा आलं. आबांनी ते मला इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं. ते म्हणे गाऱ्हाणं अर्धं टाकून आत धावले, आणि राणेवहिनी मागून ओरडत राहिली, की आबा, निदान माझ्या पोराचं तेवढं पुरं करा.

उंब्रजनं, म्हणजे त्या व्यायामवाल्या मुलानं, समजावून सांगितलं की असं होतं. आयुष्यभर सवयीनं जे म्हटलेलं असतं ते मेंदूत दुसरीकडे राहतं. बाकीचं बोलणं जातं आणि ते तेवढं उरतं. कुणाला पाढे म्हणता येतात, कुणाला आरती. त्यात अर्थ असेलच असं नाही, आबा, तो हळूच म्हणाला.

आबांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकींशी गाऱ्हाण्यात बोलायला सुरुवात केली. गोळी द्यायची, गाऱ्हाणं. अंघोळ घालायची, गाऱ्हाणं. "बा देवा म्हाराजा, आज हिचे केस धुवूचे आसत, हिका थंडी वाजा नये." होय म्हाराजा. "हिच्या सुनेचो फोन इलो होतो, तिची कंबर बरी कर." होय म्हाराजा. मी मग्यात पाणी घेऊन उभी, पाणी गार होत चाललेलं, आणि ह्यांचं चाललेलंच. सुरुवातीला मला हसू यायचं. मग कंटाळा आला. मग कधीतरी लक्षात आलं की दुधीच्या भाजीला त्या होय म्हणत नाहीत. आबा तीनतीनदा मागणं घालायचे, काकी छताकडे बघत गप्प. आबा ताटली माझ्याकडे द्यायचे. "म्हाराजाक पण दुधी आवडत नाय, काय करतलंस."

त्यांची मुलगी सुनंदाताई बोरिवलीहून यायची. तिला हे बघवायचं नाही. "आबा, तिला काही कळत नाहीये. सवय आहे ती. तुम्ही स्वतःला फसवताय." आबा ती गेल्यावर काकींची उशी नीट करत म्हणायचे, चेडवाक दुधीचा सांगूक व्हया होता.

मला स्वतःला काय वाटत होतं? ठरवता येत नव्हतं. आजही येत नाही. मी नववीत शाळा सोडली, मेंदूचं मला काय कळणार. पण दुधीचं मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आबा थकले होते. हे मी आधी सांगायला हवं होतं, कारण त्या घरात शिरल्यावर पहिली हीच गोष्ट दिसायची. पण रोज दिसणारी गोष्ट सांगायची राहून जाते. दिवसा मी असायचे, पण रात्र त्यांची एकट्याची होती, आणि रात्री काकींची कूस बदलावी लागायची, लंगोट बदलावे लागायचे. सकाळी मी यायचे तेव्हा ते दाढी करत असायचे आणि एका गालाची करून दुसऱ्या गालाची विसरून जायचे. फ्रिज उघडून, आतला गारवा तोंडावर घेत, उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागायचा. चादरीची घडी घालताना तिची दोन टोकं जुळवायचे आणि तिसरं शोधत राहायचे. दमलो हा शब्द मात्र त्यांच्या तोंडी नव्हता. गिरणीत कायमचा कामगार आला नाही की त्याच्या जागी ज्याला उभं करायचे त्याला बदली म्हणत. मी आले की ते काकींना सांगायचे, "बदली इली गो. आता माका सुट्टी." आणि सुट्टी न घेता माझ्या बाजूला स्टूल ओढून बसायचे. भरवणं तर ते कुणालाच देत नसत. मी घास कालवून द्यायचा, त्यांनी भरवायचा.

मी एकदा म्हटलं, आबा, तुम्ही जरा पडा, मी भरवते. ते म्हणाले, पडलंय तर उठाचो नाय.

सेक्टरच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे. त्या लोकांनी ठरवलं की परबांचा सत्कार करायचा, बायकोची एवढी सेवा करतात म्हणून. आबा नको म्हणाले, पण ते लोक न्यायलाच आले. मी काकींजवळ राहिले, त्यामुळे पुढचं मी राणेवहिनीच्या तोंडून ऐकलं. स्टेजवर खुर्ची मिळाल्याबरोबर आबा झोपले. पाहुण्यांचं भाषण झालं, आदर्श पती वगैरे झालं, टाळ्या वाजल्या, आबा झोपलेले. शाल अंगावर घातली तेव्हा त्यांनी ती झोपेत गुंडाळून घेतली. लोक हसले. मग कुणीतरी हलवून माईक हातात दिला, दोन शब्द बोला. आबांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्या गिरणीच्या आवाजात म्हणाले, "शाल माका नको. माका संध्याकाळचो एक माणूस द्या, दोन तास. मी झोपतंय."

राणेवहिनी म्हणाली, अगं, सगळे आपापल्या चपला बघायला लागले.

पण आले लोक, हे सांगायला हवं. कट्ट्यावरचे दोघं-तिघं आळीपाळीनं संध्याकाळी येऊ लागले. एक रिटायर्ड मास्तर काकींना पेपर वाचून दाखवायचे. एक गुजराती बेन भजनं म्हणायच्या. आबा आतल्या खोलीत जाऊन झोपायचे, खरोखर झोपायचे, घोरायचे. थोडे दिवस घर निराळंच वाटलं. मग मास्तरांचा गुडघा धरला. बेनना मुलानं नातवंडं सांभाळायला मालाडला नेलं. तिसऱ्यांना स्वतःलाच दिसायचं कमी झालं. ते कुणी वाईट नव्हते. तेही म्हातारेच होते. आबांनी कुणाला बोल लावला नाही. म्हणाले, बदलीच आजारी पडले.

पडण्याची गोष्ट रविवारची. रविवारी माझी सुट्टी. आम्ही पाचसहा मुली गणेशनगरात एका खोलीत राहायचो आणि रविवारी सगळ्या एकाच नळावर कपडे धुवायचो. मी दोरीवर ओढणी टाकत होते तेव्हा राणेवहिनीचा फोन आला.

झालं होतं असं. आबा काकींना कमोडच्या खुर्चीवरून उचलून पलंगावर ठेवत होते. एकट्यानं उचलू नका असं मी रोज बजावायचे. पाय घसरला. दोघं खाली आले. आबांचं डोकं पलंगाच्या कडेवर आपटलं आणि त्यांची शुद्ध गेली. काकी त्यांच्या शेजारी फरशीवर, हलता येत नाही, बोलता येत नाही. मग त्यांच्याजवळ जे होतं तेच त्यांनी वापरलं. होय म्हाराजा, होय म्हाराजा, जेवढा निघेल तेवढ्या आवाजात.

आणि भिंतीपलीकडे राणेवहिनी वालाच्या शेंगा सोलत ऐकत होती. तिला वाटलं गाऱ्हाणं चाललंय. रविवार, कुणीतरी नारळ घेऊन आलं असेल. चालू गाऱ्हाण्यात मध्येच कसं जायचं, म्हणून ती बसून राहिली. एवढंच नाही, बिचारी दोनदा स्वतःही हात जोडून होय म्हाराजा म्हणाली. हे तिनं मला रडत सांगितलं. शेंगा संपत आल्या तेव्हा तिच्या डोक्यात आलं की होय ऐकू येतंय, पण मागणारा कुठाय? आबांचा आवाज तर चार घरं पलीकडे जातो.

आबांच्या मनगटाचं हाड मोडलं होतं. डोक्याला टाके पडले. काकींना खरचटण्यापलीकडे काही नाही. दवाखान्यातून आल्यावर आबा प्लास्टरचा हात छातीशी धरून स्टुलावर बसले, आणि राणेवहिनीनं तिसऱ्यांदा माफी मागितल्यावर म्हणाले, "तू होय म्हटलंस मा? मगे झाला तर. तू होतंस."

सुनंदाताई आणि प्रकाशदादा पुढच्या रविवारी आले. प्रकाशदादा म्हणजे मुलगा, राहायला मुलुंडला. बरोबर सूनबाई आणि जावई. मला त्या रविवारी मुद्दाम बोलावलं होतं. मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. तिथून सगळं ऐकू येत होतं.

कुणी वाईट बोललं नाही. उलट प्रत्येकजण दुसऱ्याला सांभाळून बोलत होता. इथे आता दोघांनी एकटं राहायचं नाही, हे ठरलंच होतं. प्रश्न कुठे, एवढाच. दादाचं घर वन बीएचके, मुलगा दहावीला. ताईचं घर तसंच, सासू आहे. दोघांना एकत्र कुणाकडे ठेवणं जमण्यासारखं नाही. तेव्हा आई ताईकडे, बोरिवलीला, कारण आईचं सगळं करायला मुलगीच बरी. आबा दादाकडे, मुलुंडला. दर रविवारी भेट घडवू. व्हिडिओ कॉल आहेच. प्रकाशदादा म्हणाला, आबा, तुम्हालाही विश्रांती मिळेल, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंत ना. खोटं नव्हतं ते.

मी मनात मुलुंड आणि बोरिवली एकाच वेळी बघत होते. मधे अख्खं नॅशनल पार्क. आणि माझंही चाललं होतं, लपवत नाही. दोन घरात वाटणी झाली तर दोन्हीकडे घरातली बाई आहे, मला कुणी ठेवणार नाही. ब्यूरो पाठवेल कुठेतरी नवीन घरी, नवीन दारात, पिशवी हातात.

आबा काहीच बोलले नाहीत. हो नाही, नको नाही. सगळे थोडे मोकळे झाले, मला वाटतं, की म्हाताऱ्यानं ऐकलं. मग ते उठले आणि मला म्हणाले, जिंतूर, नारळ काढ.

घर सोडतांव, तर देवाक सांगूक व्हया. एवढंच. त्यात कुणाला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. प्रकाशदादानं टीव्ही बंद केला. सूनबाईंनी डोक्यावर पदर घेतला. सगळे उठून उभे राहिले. काकींना मी उशा लावून बसतं केलं. मी नेहमीसारखी बाजूला झाले. आबांनी मला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, तू म्हणा नको, ते तुझे देव न्हय, उगाच तोंडान खोटा कित्याक. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटत आला आहे.

आबा एका हातानंच उभे राहिले. दुसरा प्लास्टरमध्ये.

गावच्या देवांची नावं झाली. होय म्हाराजा. ह्या जागेचा जो कुणी राखणदार, त्याला हाक झाली. होय म्हाराजा. वाडवडील झाले. मग प्रकाशदादाची नोकरी, त्याच्या साहेबाची बुद्धी जाग्यावर ठेय. दादा हसत म्हणाला, होय म्हाराजा. नातवाची दहावी. सूनबाईंची कंबर. सुनंदाताईची साखर. जावयाचं गावचं घर, छप्पर गळतं ते. होय, होय, होय. लय धरली होती सगळ्यांनी. काकीही त्यांच्यात होत्या, थोड्या मागून. आबांचा आवाज चढला नाही की उतरला नाही.

"आणि ही दोन जुनी खोडां एका छपराखाली ठेय रे म्हाराजा. एकाक हय आणि एकाक थय करू नको."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले.

आबा थांबले नाहीत. "आणि ही पोरगी लांबसून इली हा. हिका ठेयणारा घर दी. हिका दारात उभी ठेयू नको."

ह्यावेळी कुणाचा आवाज आला नाही. सगळ्यांच्या मागच्या होयचा अर्थ तेवढ्यात सगळ्यांपर्यंत पोचला होता आणि तोंडं मिटली होती. प्रकाशदादा बायकोकडे बघत होता, सुनंदाताई भावाकडे. पलंगावरून काकी एकट्याच म्हणाल्या, "होय म्हाराजा."

माझ्यासाठी कुणी मोठ्यानं काही मागितल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. मी पटकन आत जाऊन चहाची भांडी घासायला घेतली. त्यामुळे पुढचं थोडं नळाच्या आवाजातून ऐकलं.

आधी सूनबाई बोलल्या, खालच्या आवाजात, "अहो, तुम्ही कशाला हो म्हणालात?"

"मला काय माहीत ते काय म्हणणारेत," दादा म्हणाला. मग वडिलांना, "आबा, हे बरोबर नाही. चीटिंग आहे ही. सवयीनं म्हटलं आम्ही."

"आवशीचा पण सवयीचाच मा?" आबा म्हणाले. "तूच सांगतस, सुनंदा सांगता. तिचा सवयीचा, तर तुमचा पण सवयीचा. आणि तुमचा खरा, तर तिचा पण खरा. काय ता एक ठरवा. माका बसूक दी, पाय दुखतत."

बराच वेळ बोलाचाली झाली. सुनंदाताई रडली. प्रकाशदादा म्हणाला, ही काय पद्धत झाली, तोंडावर नको म्हणायचं ना. आबा म्हणाले, तोंडावर मी नको म्हटला असता तर तुम्ही माका समजावलात असतात. शेवटी जावई, ज्यांनी दुपारभर होयशिवाय तोंड उघडलं नव्हतं, चष्मा पुसत म्हणाले, "जाऊ दे रे प्रकाश. नारळासमोर म्हटलंय. आता फिरवायचं नाही. माझं पण छप्पर आहे त्यात." आणि सगळ्यात आधी सूनबाई हसल्या.

ठरलं ते असं, की दोघांना वेगळं करायचं नाही. काही महिने दोघंही मुलुंडला, काही महिने दोघंही बोरिवलीला, आणि मुलुंडला असेपर्यंत दिवसाची मी.

लोकांना वाटेल, झालं, गोड झालं. तसं नव्हतं. मुलुंडच्या हॉलमध्ये दोन पलंग जोडून लावले तर दारापाशी चप्पल काढायला जागा उरेना. नातू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून अभ्यास करायचा. सूनबाईंची कंबर काही बरी झाली नाही, आणि रात्री काकींची कूस बदलायला त्याच उठू लागल्या, कारण प्रकाशदादा उठायचा पण त्याला जमायचं नाही. सकाळी मी आले की त्या फ्रिजला टेकून उभ्या दिसायच्या. घरात कधी कधी आवाज चढायचे. त्या बिल्डिंगमध्ये आबांना ओळखणारं कुणी नव्हतं. नारळ घेऊन कुणी आलं नाही. सातव्या मजल्यावर ते खिडकीशी बसायचे आणि खाली रस्त्यावरचे डंपर मोजल्यासारखे बघायचे.

पण एक झालं. पहिल्याच आठवड्यात दुपारी सूनबाईंनी ताटली घेतली, काकींजवळ बसल्या आणि आबांना न विचारता भरवायला लागल्या. मी आबांकडे बघितलं. म्हटलं, आता काहीतरी होणार. आबा बघत राहिले. काकींनी तोंड उघडलं, घास घेतला, चावला. आबांनी आणखी दोन घास होईपर्यंत वाट बघितली, मग चष्मा काढून उशीशी ठेवला आणि आडवे झाले. ते संध्याकाळपर्यंत उठलेच नाहीत. मी दोनदा जाऊन त्यांच्या नाकासमोर बोटं धरली.

त्यानंतर ते पुष्कळ झोपायचे. जेवायचे, झोपायचे. इतक्या वर्षांची झोप होती ती. मध्येच जागे झाले की हात लांब करून शेजारच्या पलंगावर काकी आहेत एवढं चाचपायचे आणि परत झोपायचे. काकींशी गाऱ्हाण्यात बोलणं आता कमी झालं होतं. सूनबाई त्यांच्याशी साध्या साताऱ्याच्या बोलीत बोलायच्या, आणि काकी गप्प राहायच्या, पण जेवायच्या. दुधीसुद्धा. हे मी आबांना सांगितलं नाही.

बोरिवलीला जायची वेळ आली तेव्हा सूनबाईंनी माझ्यासाठी त्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर, एका आजींचं काम बघितलं. राहायला तिथेच जागा. म्हणाल्या, म्हाताऱ्यानं मागून ठेवलंय ना, माझ्या मागे लागेल नाहीतर. त्या आजींकडे मी अजून आहे. आबा-काकी त्यानंतर मुलुंडला परत आले नाहीत. बोरिवलीलाच आधी काकी गेल्या, मग आबा, मध्ये फार काळ गेला नाही. दोन्ही वेळा सूनबाई जिना उतरून मला सांगायला आल्या. दोन्ही वेळा आजींना एकटं टाकून मला निघता आलं नाही.

तेव्हा माझ्याजवळ त्यांचं शेवटचं जे आहे ते निघायच्या सकाळचं. गाडी खाली उभी होती. लिफ्ट लहान. चाकाची खुर्ची आणि एक माणूस, एवढंच मावायचं. प्रकाशदादा म्हणाला, आबा, तुम्ही आईबरोबर जा. आबा दारातल्या चपलांच्या कपाटावर टेकले होते. ते म्हणाले, जिंतूर जावंदे तिच्यावांगडा. मी येतंय मागसून. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, तोवर लिफ्टचं दार लागलं.

खाली आम्ही थांबलो. काकी लिफ्टच्या वरच्या लाल आकड्यांकडे बघत होत्या. त्यांना आकडे कळत होते का, देव जाणे. आबा उतरले ते हातात उशी घेऊन. गाडीत मागच्या सीटवर आम्ही काकींना बसवलं, पट्टा लावला, उजवा हात मांडीवर ठेवला. आबा त्यांच्या उजव्या अंगाला, गेलेल्या बाजूला बसले. मला म्हणाले, जेवत जा गो वेळेवर. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय आत घेतले. मग डोकं मागे टेकवलं, आणि दादा पुढच्या सीटवर बसून काच वर करेपर्यंत ते झोपलेसुद्धा. डोकं घसरत घसरत काकींच्या खांद्यावर आलं. तो खांदा काकींना कळत होता की नाही, सांगता येत नाही. पण त्या हलल्या नाहीत. डाव्या हातानं त्यांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

गाडी निघाली. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक ताठ, एक कललेलं. गेटजवळच्या गतिरोधकावर गाडी चढली, तेव्हा दोन्ही एकदमच वर गेली आणि एकदमच खाली आली.